शर्वीनं ओ कोणाला दिली?

ही गोष्ट खरी आहे.

रचून सांगणाऱ्याला शेवट माहीत असतो. मला तो माहीत नाही, म्हणून तर लिहून राहिले.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही. मागच्या हिवाळ्यातली, अमरावतीतल्या आमच्या घरातली, दिवेलागणीची गोष्ट. गल्लीत पोट्टे क्रिकेट खेळतात, शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होतात, ती वेळ. अशा वेळी भूत येतं असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच चार शब्द सुनावले असते.

मी प्राजक्ता. घरी ब्लाउज शिवते. नवरा विपुल, त्याचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. आणि आमची शर्वी, तेव्हा चार वर्षांची.

शर्वीला ऐकू येत नाही.

कमी येतं असं नाही. येतच नाही. कानाचं मशीन लावून झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की कानाकडून मेंदूकडे जाणारी नसच तयार झालेली नाही, ऑपरेशन करूनही उपयोग नाही. खाणाखुणांची भाषा शिकवा म्हणाले. माणूस चांगला होता, हळू आवाजात बोलला. मी मात्र बाहेर येऊन ऑटोत बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

मोझरीच्या समाधीपासून कुठंकुठं डोकं टेकवलं ते विचारू नका. माझं मागणं एकच होतं. पोरीनं एकदा तरी मला "आई" म्हणावं.

असं सगळं चालू असताना विपुलनं ती फटफटी आणली.

कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. मोर्शीकडे एका लग्नाला गेला होता, तिथं संत्र्याच्या बगीच्यातल्या टपरीत ताडपत्रीखाली ही पडलेली दिसली. वर कोंबड्या बसलेल्या. मालक किसनराव कधीचे वारलेले, त्यांच्या पुतण्यानं ती विकली. पिकअपमध्ये घालून घरी आली तेव्हा मी दारातच म्हटलं, "आता हिची आरती करू का?"

"पाह्य तू," विपुल म्हणाला. "एका महिन्यात अशी पळवतो का लोक उभे राहून पाहतीन."

पळवली. महिनाही लागला नाही.

पण तिच्यात एक आवाज होता.

इंजिन चांगलं धडधडायचं. आणि त्या धडधडीच्या मधूनच यायचा…

टक.

मग थोडा थांबून… टक-टक.

विपुलला वाटलं व्हॉल्व्हचे टॅपेट सैल झाले असतील. ते आवळले. मग पिस्टनच्या रिंगा बदलल्या. सायलेन्सरचे बोल्ट आवळले, टाकीखालचे रबर नवे टाकले. रोज दुकान बंद केलं की घरी येऊन हा माणूस अंगणात मांडी घालून बसायचा. हात काळे, कपाळ काळं. जेवायला हाक मारली की म्हणायचा, "आलोच, सापडलं वाटते."

कुठचं सापडतंय!

"एक गोष्ट समजून नाई राहिली," एक दिवस तो म्हणाला. "इंजिनचा आवाज असता तं रेस वाढवली का तोही वाढला असता. हा वाढत नाई. गाडी हळू चालो का जोरात, हा आपल्याच चालीनं वाजते."

मी म्हटलं, "विकून टाक."

त्याच आठवड्यात ती संध्याकाळ आली.

मी शिलाई मशीनवर होते. विपुलनं अंगणात गाडी चालू केली. शर्वी ओट्यावर गाडीकडे पाठ करून चिंध्यांशी खेळत होती. मी खिडकीतून दोघांकडे बघत होते.

टक… टक-टक.

शर्वीनं मान वर केली.

वळली नाही. नुसती मान वर केली, कोणी लांबून हाक मारल्यावर करतात तशी.

आणि म्हणाली…

"ओ."

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

चार वर्षांत त्या पोरीच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. रडणं, किंचाळणं, हसणं, बस. आणि हे तर साफ होतं. कोणी हाक मारल्यावर आपण सगळे देतो ना, तशी ओ!

"विपुल! आयकलं का तू? ओ म्हणाली ती! ओ देली तिनं!"

विपुल तसाच काळ्या हातांनी धावत आला आणि तिला उचलून नाचायला लागला. मी दोघांना मिठी मारली. तिघंही ऑईलनं माखलो. त्या दिवशी आम्ही गल्लीत पेढे वाटले, खरंच वाटले.

त्यानंतर त्या आवाजाला कोणी हात लावला नाही. ज्या आवाजासाठी विपुलनं इंजिन चारदा खोललं, तो आता जाऊ नये म्हणून तो जपायला लागला. रोज संध्याकाळी गाडी सुरू करायची. टकटक आली की आम्ही दोघं शर्वीसमोर बसून तोंडाचा चंबू करायचो. "ओ म्हण, बेटा. ओ." ती म्हणायची. आम्ही टाळ्या वाजवायचो. ती खूश होऊन पुन्हा म्हणायची.

आम्हीच शिकवलं तिला. आम्हीच पक्कं करून घेतलं.

तुम्ही काय केलं असतं? सांगा ना.

विपुलनं व्हिडिओ काढून सासूबाईंना पाठवला. त्या मोर्शीला असतात. लगेच फोन आला. आधी रडल्या, देवाचं नाव घेतलं. मग त्यांनी विचारलं,

"प्राजक्ता… पोट्टी ओ कोणाले देऊन राहिली वं?"

"गाडीले, आई. गाडीच्या टकटकीले."

"व्हिडिओत तं टकटक नाई."

मी व्हिडिओ लावून पाहिला. इंजिनची धडधड होती. शर्वीची ओ होती. माझ्या टाळ्या होत्या.

टकटक नव्हती.

"आयक," सासूबाई म्हणाल्या. "तिन्हीसांजेले कोणी हाक मारली तं तोंड दिसल्याबिगर ओ देऊ नाई. तुले काय सांगा लागते? ओ देली का त्याले रस्ता भेटते."

आमच्याकडे हे लहानपणीच शिकवतात. मलाही माझ्या आईनं शिकवलं होतं. पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. चार वर्षांनी माझं लेकरू बोललं आणि ह्यांना नियम आठवले! मी म्हटलं, "आई, तुमचा नियम घाला चुलीत," आणि फोन ठेवून दिला.

दोन-तीन दिवसांनी दुपारची गोष्ट. विपुलनं कार्बोरेटर धुवायला काढला होता. सुटे भाग पोत्यावर मांडलेले. तो दुकानात होता. मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते.

टक.

मला वाटलं कावळा असेल.

टक-टक.

गाडीतून येत होता आवाज. बंद गाडीतून. अर्ध्या गाडीतून.

घरातून उत्तर आलं… "ओ."

मी कपडे तिथंच टाकून आत धावले.

विपुलनं बडनेऱ्याहून नत्थुजी मिस्तरींना बोलावलं. त्यांची सारी उमर जुन्या गाड्यांत गेली. त्यांनी आधी बोल्ट पाहिले.

"अबे, हे इंजिन कितीकदा खोललं तू?"

"चारदा."

"चारदानं बोल्टचे माथे असे गोल होत नाईत. शे-दोनशेदा खोललेलं हाय हे कोणीतरी."

तेवढ्यात त्या बंद गाडीत टकटक सुरू झाली, तसा त्यांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढला. जुने मिस्तरी करतात तसं, एक टोक इंजिनला आणि मूठ कानाला. इंजिनवर ऐकलं. मान हलवली. गिअरबॉक्सवर ऐकलं. काही नाही. मग टाकीवर टोक ठेवलं.

थांबले.

पेचकस असा झटक्यानं काढला, जसा चटका बसावा.

"काय आयकू आलं, नत्थुजी?"

"आतून काई नाई," ते म्हणाले. "वरून वाजून राहिलं. टाकीवर. बोटातल्या अंगठीनं वाजवतात तसं."

टाकीवर कोणाचाच हात नव्हता.

जाताना त्यांनी टकटकीला ओ देणाऱ्या शर्वीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरीले ओ देऊ देऊ नको." चहाही घेतला नाही.

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण विपुल पेटला. "आवाज कसाही असो, तिले आयकू येऊन राहिलं ना? नस असन तिची. डॉक्टर चुकला असन!" त्याचे डोळे बघून मला नाही म्हणवलं नाही. आणि आशा काय त्याला एकट्यालाच होती?

आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. गाडी अमरावतीत, अंगणात, खोललेली. आम्ही तिघं एसटीनं.

तिथं तपासणीची एक खोली असते. दुहेरी दरवाजा, जाड काच. बाहेरचा आवाज आत येत नाही. मी शर्वीला मांडीवर घेऊन आत बसले. काचेपलीकडे तपासणारी मुलगी, तिच्यामागे विपुल. शर्वीच्या कानाला हेडफोन लावले. मुलगी आवाज वाढवत गेली. शर्वी माझ्या बांगड्यांशी खेळत होती. शेवटचा सगळ्यात मोठा आवाज दिला. शर्वीनं जांभई दिली.

मुलीनं काचेतून मान हलवली आणि मशीन बंद केलं. विपुलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी हेडफोन काढून बाजूला ठेवले. आत इतकी शांतता होती की माझाच श्वास मला ऐकू येत होता.

आणि माझ्या मागून, बंद दारावरून…

टक.

टक-टक.

शर्वीनं बांगड्या सोडल्या. मान वर केली.

"ओ."

त्या मुलीनं आतला माइक ऐकला होता. दार उघडून आली, चेहरा गोंधळलेला. "मॅडम, ती कशाला बोलली? मी तर काहीच वाजवलं नाही."

"दारावर कोणी होतं का?" मी विचारलं.

"नाही. आम्ही दोघंच आहोत."

शंभरेक किलोमीटरवरून ते आमच्या मागं आलं होतं. तेव्हा मला कळलं, की आवाज गाडीत नव्हता. गाडी फक्त घेऊन आली होती.

 दुसऱ्या दिवशी शर्वीला घेऊन मोर्शी गाठली. किसनरावांची बायको माणिकबाई अजून आहेत हे पुतण्यानं आधी सांगितलं नव्हतं. बगीच्याच्या कडेला दोन खोल्यांत राहतात. आम्ही फटफटीचं नाव काढलं आणि म्हातारी पुतण्यावर अशी भडकली, की विचारू नका.

"मेल्या, इकली तू ते? तुले पुरून टाक म्हनलं होतं ना मी!"

मग आमच्याकडे वळल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या.

"आमाले एक पोरगी होती. बेबी. हे वावरातून आले का हॉरन नाई वाजवत. अंगठीनं टाकी वाजवत. एकदा, मंग दोनदा. बेबी घरातूनच ओरडे, 'ओ… आली, बाबा!' अन् धावत जाऊन टाकीवर बसे. मंग नाल्यापर्यंत चक्कर."

"मग?"

"एक दिवस तिनं अशीच ओ देली. 'आली' म्हनलं अन् पळाली. मले टकटक आयकू आली नोती, पण म्या म्हनलं आले असतीन हे. संत्र्याचा टरक येऊन राहिला होता…" त्यांनी पदर तोंडाला लावला. "हे आलेच नोते, बाई. हे मंडीत होते. फटफटी बी त्यायच्यापाशीच होती."



"मग टाकी कोणी वाजवली?" विपुलनं विचारलं.

"तेच तं त्यायनं मरेपर्यंत शोधलं. रोज फटफटी खोलत. म्हनत, 'हिच्यात काई तरी हाय, माणिक, ते माह्या आवाजात बोलवते.' खोलत, जोडत, पुन्हा खोलत. काईच नाई सापडलं."

मला ते गोल झालेले बोल्ट आठवले.

म्हातारीनं शर्वीची हनुवटी धरून तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ.

"निस्ती ओ देते का? का अजून काई म्हनते?"

"फक्त ओ."

"मंग अजून टाइम हाय," माणिकबाई म्हणाल्या. "घेऊन जा तिले. इथी आणू नका."

विपुलनं फटफटी भंगारात दिली. नुसती दिली नाही, समोर उभं राहून गॅस कटरनं टाकीचे तुकडे करवले. ज्या माणसानं तिच्यासाठी जेवण सोडलं होतं, त्यानं एकदाही डोळा मिटला नाही. घरी येऊन म्हणाला, "संपलं."

मलाही वाटलं संपलं. आठ-दहा दिवस काही नाही. शर्वीही गप्प. खरं सांगू? मला वाईट वाटलं. तिचा तेवढाच एक शब्द होता.

मग संक्रांतीच्या आधी एक दिवस मी ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते. शर्वी आत होती. विपुल यायचा होता.

गेटवर…

टक.

आमचं गेट लोखंडी आहे. गेटपाशी कोणी नव्हतं.

टक-टक.

"ओ," आतून आवाज आला.

मी सूप टाकून उठले. ती दारात आली होती. तिनं खाली बसून चपला घातल्या. माझी शर्वी रोज उलट्या चपला घालते, डाव्या पायातली उजव्यात. त्या दिवशी बरोबर घातल्या. उठली, गेटकडे पाहून हसली, आणि स्वच्छ म्हणाली…

"आली."

तिला हा शब्द कोणी शिकवला नाही. तिनं आयुष्यात तो ऐकलेला नाही. ऐकूच शकत नाही ती!

आणि ती पळाली.

गेटची कडी मी स्वतः लावली होती. ती उघडी होती. मी कशी धावले मला माहीत नाही. तिच्या फ्रॉकची मागची गाठ माझ्या मुठीत आली आणि त्याच क्षणी आमच्या समोरून विटांचा ट्रॅक्टर गेला. वाऱ्यानं तिचे केस उडाले, इतका जवळून. ती रडली नाही. हात लांब करून रस्त्याकडे बघत राहिली. मीच तिला छातीशी धरून बोंबलले, अख्खी गल्ली गोळा झाली.

सासूबाई येऊन राहिल्या. त्यांनी दृष्ट काढली, शर्वीच्या दंडाला गंडा बांधला, उंबऱ्याला काय काय लावलं. विपुल घर बदलू म्हणतो. बदलून काय होणार? अकोल्याला त्या बंद खोलीत काय होतं ते मी ऐकलं आहे. आणि विपुलला गाडी गेल्यापासून काहीच ऐकू येत नाही. मला येतं.

जवळजवळ रोज येतं.

म्हणून मी एक केलं. कोणाला विचारलं नाही.

आता दिवेलागणीला मी शर्वीला मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसते. टकटक झाली रे झाली, की तिनं मान वर करायच्या आत…

"ओ," मी म्हणते.

जोरात. तोंड दिसल्याशिवाय. माझ्या आईनं शिकवलेलं सगळं मोडून.

पहिल्या दिवशी बाहेर एकदम शांत झालं. जसं कोणी विचारात पडावं. त्यानंतर शर्वी बोललेली नाही. ओ नाही, आली नाही. तिच्या तोंडातले होते नव्हते ते दोन शब्द मीच काढून घेतले. ज्या पोरीचा आवाज ऐकायला मी देवापुढे नाक घासलं, ती आता गप्प राहिली की मला हायसं वाटतं. सासूबाई म्हणतात पोट्टी सुधरली, गंडा लागू पडला. मी हो म्हणते.

पण परवापासून माझ्या ओनंतर ते थांबत नाही. पुन्हा वाजवतं. पुढचा शब्द हवा असल्यासारखं.

मी अजून म्हटलेला नाही.

शर्वी म्हणायच्या आत म्हणीन मात्र. माझ्या चपला ओट्याच्या पायरीशी काढून ठेवल्या आहेत. विपुलला हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगून राहिले.